राण्या सहा, पण बाळंतपणं किती? ट्यूडर गादी आणि वारसाचा ध्यास

चाफेकळी (धागाकर्ती)

माझी भाची मँचेस्टरला शाळेत आहे. परवा व्हिडिओ कॉलवर तिनं मला इंग्लंडचा ट्यूडर राजा आठवा हेन्री याच्या सहा राण्या म्हणून दाखवल्या. तिकडच्या मुलांना त्या एका ठेक्यात पाठ असतात: फारकत, शिरच्छेद, मृत्यू, फारकत, शिरच्छेद, उरली. फोन ठेवल्यावरही ती ओळ माझ्या डोक्यातून जाईना. राजानं प्रत्येकीचं काय केलं तेवढं त्यात आहे. ज्या कामासाठी त्यांना राजवाड्यात आणलं, त्या बाळंतपणांचा मात्र उल्लेखच नाही. म्हणून वही घेतली आणि राण्या सोडून बाळंतपणं लिहून काढायला बसले.

वही हेन्रीच्या आजीपासून सुरू करावी लागली. मार्गारेट बोफोर्ट. 28 जानेवारी 1457 ला पेम्ब्रोकच्या किल्ल्यात तिला मुलगा झाला तेव्हा ती 13 वर्षांची होती आणि नवरा जवळपास तीन महिन्यांपूर्वीच वारलेला. तो मुलगा पुढे सातवा हेन्री झाला. मार्गारेटची त्यानंतर आणखी दोन लग्नं झाली, पण तिची कूस पुन्हा उजवली नाही. ही गोष्ट ती विसरली नव्हती. 1498 मध्ये नातीचं लग्न स्कॉटलंडच्या राजाशी ठरत होतं तेव्हा ती आणि सूनबाई दोघी आडव्या आल्या. पोरगी लहान आहे, तो थांबणार नाही, तिच्या जिवाला इजा करेल, असं त्यांचं म्हणणं होतं. सातव्या हेन्रीनं स्वतः हे स्पॅनिश वकिलाला सांगितल्याची नोंद आहे. लग्न पुढे ढकललं गेलं, पण किती? 1503 मध्ये सासरी गेली तेव्हा नातही 13 वर्षांचीच होती.

ती सूनबाई म्हणजे यॉर्कची एलिझाबेथ. हिची सात बाळंतपणं. थोरला आर्थर 1502 च्या एप्रिलमध्ये 15 व्या वर्षी लडलोला वारला. बातमी आली तेव्हा तिनं आधी राजाला सावरलं. तुमच्या आईलाही तुम्ही एकटेच होतात, आपल्याला अजून एक मुलगा आणि दोन मुली आहेत, आणि आपण दोघं अजून तरुण आहोत, असं ती म्हणाली. मग आपल्या खोलीत गेली आणि तिथे कोसळली. तेव्हा राजाला बोलावून आणलं आणि त्यानं तिला सावरलं. 'आपण अजून तरुण आहोत' हे तिनं खरं करून दाखवलं. पुढच्या फेब्रुवारीत लंडनच्या टॉवरमध्ये ती बाळंत झाली, मुलगी झाली, आणि नवव्या दिवशी ती गेली. तारीख 11 फेब्रुवारी 1503, तिचा 37 वा वाढदिवस. मुलगीही राहिली नाही.

आता वहीतली तिसरी, हेन्रीची पहिली राणी. आर्थरची विधवा, अ‍ॅरागॉनची कॅथरिन. पोपची खास परवानगी घेऊन दिराशी, म्हणजे आपल्या आठव्या हेन्रीशी, तिचं लग्न 11 जून 1509 ला झालं. त्यानंतरच्या साडेनऊ वर्षांत तिची सहा बाळंतपणं मोजली जातात. पहिली मुलगी जानेवारी 1510 ला मृत जन्मली. पोट तसंच मोठं दिसत राहिलं म्हणून वैद्य म्हणाले, जुळ्यातलं दुसरं आत आहे. तिनं ते मानलं. बाळंतिणीची खोली सजली, दारं लागली, ती आत जाऊन बसली, आणि पोट हळूहळू ओसरलं. वर्षभरानं, 1 जानेवारी 1511 ला, मुलगा झाला. त्याचं नाव हेन्रीच ठेवलं. लंडनमध्ये शेकोट्या पेटल्या, राजा नवस फेडायला वॉलसिंगहॅमच्या देवळात गेला. 12 आणि 13 फेब्रुवारीला वेस्टमिन्स्टरला भाल्यांच्या लढतींचा सोहळा झाला. तो सोहळा चितारलेली, साधारण 18 मीटर लांबीची गुंडाळी आजही जपून ठेवली आहे. राणी सज्जात बसली आहे आणि राजा तिच्यासमोर भाला मोडतो आहे, असं त्यात दिसतं. 22 फेब्रुवारीला बाळ गेलं. 52 दिवसांचं होतं.

पुढे आणखी मुलगे आले आणि गेले. 1516 च्या फेब्रुवारीत मेरी झाली, ती एकटी जगली. 1518 च्या नोव्हेंबरात शेवटची मुलगी, तीही गेली. कॅथरिन तेव्हा 33 ची होत होती.

अ‍ॅन आणि जेनचं खाली लिहिते. कुणाला मोजणीत चूक दिसली तर जरूर सांगा.

नदीकाठ

फार मनापासून लिहिलं आहे. पण हेन्रीच्या बाजूनं एक सांगायला हवं, नाहीतर तो नुसता माथेफिरू वाटतो.

त्याच्या बापानं गादी 22 ऑगस्ट 1485 ला बॉसवर्थच्या रणात मिळवली होती. वंशाच्या हिशेबानं त्याचा हक्क पातळ होता. लँकेस्टर आणि यॉर्क या घराण्यांनी त्याआधी तीस वर्षं एकमेकांची माणसं कापली होती. ज्यांनी ते पाहिलं ते लोक हेन्रीच्या दरबारात अजून हयात होते. आणि मुलगी गादीवर का नको, याचं उत्तर त्यांच्याकडे तयार होतं: माटिल्डा. बापानं, पहिल्या हेन्रीनं, सरदारांकडून शपथा घेऊन गादी तिला ठेवली होती, पण 1135 मध्ये तो वारल्यावर चुलत्या-आत्यांच्या भांडणात देश जवळपास वीस वर्षं जळला. शिवाय राणीचं लग्न करायचं तर कोणाशी? परक्या राजाशी केलं तर देश त्याच्या खिशात, इथल्या सरदाराशी केलं तर बाकीचे सरदार उठणार.

तेव्हा मुलगा हवा ही त्याची भीती खरी होती. त्या भीतीपायी त्यानं केलं ते मी योग्य म्हणत नाही.

चाफेकळी

नदीकाठ, भीती खरी होती हे मान्य. (माटिल्डाचा प्रतिस्पर्धी स्टीफन तिचा आतेभाऊ होता, तेवढी दुरुस्ती.) माझं म्हणणं इतकंच की त्या भीतीची किंमत दर वेळी एकाच बाजूनं मोजली. 1513 मध्ये राजा फ्रान्सच्या स्वारीवर असताना राज्य कोण चालवत होतं? कॅथरिन. स्कॉटलंडची फौज चालून आली, फ्लॉडनला तिचा धुव्वा उडाला, आणि मेलेल्या चौथ्या जेम्सचा रक्तानं माखलेला अंगरखा तिनं नवऱ्याला पाठवला. बाईला राज्य जमत नाही असं ज्याला वाटायचं, त्याच्याच घरात उत्तर बसलं होतं.

अजिंक्यतारा

भाबडा प्रश्न वाटेल, पण विचारतो. दत्तक का नाही घेतला? आपल्याकडे एवढा जीव जाईपर्यंत वाट कुणी पाहिली नसती. भाऊबंदांतला चांगला पोरगा पाहून मांडीवर घेतला असता.

जुनीवही

प्रश्न भाबडा नाही, मुळावर बोट ठेवणारा आहे. इंग्लंडच्या कायद्यात दत्तक ही सोयच नव्हती. साध्या घरांसाठीसुद्धा दत्तकाचा पहिला कायदा तिथे 1926 मध्ये झाला, आणि राजगादी दत्तक मुलाला आजही मिळत नाही. रक्त हवं, आणि तेही लग्नातलं. तुम्ही साताऱ्याचे दिसता, म्हणून लिहितो: 1848 मध्ये छत्रपतींनी मरणापूर्वी घेतलेला दत्तक डलहौसीनं अमान्य केला आणि सातारा खालसा झाला. पाठोपाठ झाशीचंही तेच झालं. तेव्हा त्यात कंपनीची भूक होतीच, पण दत्तकाला खरा मुलगा न मानणं त्यांच्या घरच्या रीतीत फार जुनं होतं.

लग्नाबाहेरचा मुलगा हेन्रीला होता, हेही सांगायला हवं. बेसी ब्लाउंटपासून 1519 मध्ये झालेला हेन्री फिट्झरॉय. सहा वर्षांचा असताना त्याला रिचमंड आणि सॉमरसेटचा ड्यूक केलं. कॅथरिनला ते फार लागलं. तोही 1536 च्या जुलैत, 17 वर्षांचा असताना वारला.

आणि धागाकर्तीला एक दुरुस्ती. ती 'फारकत' खरं तर फारकत नव्हे. कॅथरिनचं आणि चौथी राणी क्लीव्हजच्या अ‍ॅनचं लग्न मुळात झालंच नव्हतं असं ठरवलं गेलं. घटस्फोटात लग्न संपतं, इथे ते मागे जाऊन पुसलं गेलं. या फरकाला फार अर्थ आहे, कारण लग्न पुसलं की त्यातली मुलगीही औरस राहत नाही. मेरीचं 1533 मध्ये तेच झालं आणि एलिझाबेथचं 1536 मध्ये.

आधार काय, तर बायबलमधलं एक वचन: भावाच्या बायकोशी लग्न करणारा निपुत्रिक राहील. त्याच बायबलात दुसरीकडे उलटं सांगितलंय की निपुत्रिक मेलेल्या भावाच्या विधवेशी दिरानं लग्न करावं. आणि हेन्री निपुत्रिक कुठे होता? मेरी होती ना! त्यावर त्याचं म्हणणं असं की इथे मूल म्हणजे मुलगाच धरायचा.

चाफेकळी

जुनीवही, दुरुस्तीबद्दल मनापासून आभार. 'मागे जाऊन पुसलं' हे वहीत लिहून घेतलं.

तुम्ही लिहिलंत त्यावरून कॅथरिनचं कोर्टातलं बोलणं आठवलं. जून 1529, ब्लॅकफ्रायर्सला खटला भरला होता. ती उठली, गर्दीतून वाट काढत राजापर्यंत गेली आणि त्याच्या पायाशी गुडघे टेकून बोलली. माझ्यापासून तुम्हाला कितीतरी मुलं झाली, देवानं ती नेली यात माझा काय दोष, असा त्या बोलण्याचा भाव होता. म्हणजे मोजणी मी आज करते आहे असं नाही, तिनं ती आधीच भरल्या कोर्टात केली होती. मग ती बाहेर निघून गेली. मागून हाका मारल्या तरी वळली नाही.

आता दुसरी राणी, अ‍ॅन बोलिन. 7 सप्टेंबर 1533, ग्रीनिच. ज्योतिषांनी मुलगाच सांगितला होता, त्यामुळे देशभर धाडायची पत्रं राणीच्या नावानं आधीच लिहून तयार होती आणि त्यात शब्द होता 'प्रिन्स'. झाली मुलगी. मग कारकुनानं त्या शब्दाच्या शेवटी, उरलेल्या चिमूटभर जागेत, एक 'एस' बसवला. त्यातलं एक पत्र आजही आहे. त्याचं चित्र मी कितीतरी वेळ पाहत होते. अक्षर वळणदार आहे, ओळी सरळ आहेत, आणि तेवढं एक अक्षर दाटीवाटीनं बसलेलं. लढतींचा सोहळा रद्द झाला. त्या दाटीत बसलेल्या मुलीनं पुढे 44 वर्षं राज्य केलं.

29 जानेवारी 1536 ला पीटरबरोला कॅथरिनला पुरत होते, त्याच दिवशी अ‍ॅनचा गर्भ पडला. साडेतीन महिन्यांचा, मुलगा असावा असं सांगितलं गेलं. 19 मे ला तिचं डोकं उडवलं आणि 30 मे ला राजा जेन सीमोरशी बोहल्यावर उभा होता. जेननं 12 ऑक्टोबर 1537 ला हॅम्प्टन कोर्टात मुलगा दिला, एडवर्ड. दोन दिवसांहून जास्त कळा सोसून. 15 तारखेला बारसं, तेव्हा तिला मखमल आणि फर पांघरून पाहुण्यांसमोर बसवलं होतं. 24 ला ती गेली.

रानजाई

मी निवृत्त परिचारिका. तालुक्याच्या ठिकाणी प्रसूती विभागात 31 वर्षं काढली. इतिहासातलं मला फार कळत नाही, पण जेनचं वाचून राहवलं नाही. बारा दिवस म्हणजे बहुधा बाळंतज्वर. आमच्या प्रशिक्षणात पहिला धडा हात धुण्याचाच असायचा. कोपरापर्यंत, नखांत ब्रश घालून. तेव्हा कुणालाच हे माहीत नव्हतं. राणी असो की मोलकरीण, सुईणीचे हात तेच.

त्या बंद खोलीबद्दल कुणी आणखी सांगेल का? आणि मेरीचं पुढे काय झालं?

जुनीवही

रानजाई मावशी, खोलीचे नियम ठरलेले होते. बाळंतपणाच्या महिनाभर आधी राणी समारंभानं आत जायची. भिंती, छत, खिडक्या पडद्यांनी झाकायच्या, फक्त एक खिडकी उघडी. पडद्यांवर माणसांची चित्रं नकोत, गर्भारशीला ती बरी नाहीत अशी समजूत. आत फक्त बायका. एरवी पुरुष करत ती कामंही त्या मुदतीत बायकांकडेच. हवं-नको ते दारापर्यंत यायचं आणि तिथून बायका आत न्यायच्या. बाळंतपणानंतर देवळात जाऊन शुद्धी झाली की मगच राणी लोकांत येई.

मेरी 1553 मध्ये 37 व्या वर्षी राणी झाली. पुढच्या वर्षी 25 जुलैला विंचेस्टरला स्पेनच्या फिलिपशी लग्न. शरदात दिवस गेल्याचं जाहीर झालं: पाळी चुकली होती, पोट वाढलं होतं, छाती भरून आली होती. एप्रिल 1555 मध्ये हॅम्प्टन कोर्टात ती खोलीत गेली. ज्या वाड्यात एडवर्ड जन्मला तोच. पाळणा तयार होता, त्यावर कविता कोरलेली. परदेशच्या राजांना जायची पत्रं सह्या होऊन पडली होती, फक्त तारखेची जागा मोकळी. 30 एप्रिलला लंडनमध्ये बातमी फुटली की मुलगा झाला. घंटा वाजल्या, रस्त्यात टेबलं मांडून लोक जेवले. संध्याकाळपर्यंत कळलं की काहीच झालेलं नाही. मे गेला, जून गेला, जुलै गेला. वैद्य तारीख पुढे ढकलत राहिले. ऑगस्टच्या सुरुवातीला काहीही जाहीर न करता ती तिथून दुसऱ्या वाड्यात गेली. त्या महिन्याच्या अखेरीस फिलिप इंग्लंड सोडून निघाला.

1558 च्या मार्चमध्ये तिनं मृत्युपत्र केलं. त्यात आपण गरोदर आहोत असं वाटतं म्हणून हे लिहून ठेवते आहे, असं आहे. नोव्हेंबरात ती गेली.

रानजाई

असं मी एकदा पाहिलंय. नाव-गाव सांगत नाही. लग्नाला अकरा वर्षं झालेली बाई. पोट, उलट्या, सगळं अगदी तसंच. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून, हिरव्या बांगड्या भरून आली होती. बाळाची हालचाल कळते म्हणून सांगायची. डॉक्टरांनी तपासलं आणि मला म्हणाले, तुम्हीच सांगा तिला. सांगितल्यावर ती रडली नाही. पोटावर हात ठेवून म्हणाली, बाई, आत्ताच हललं. ती खोटं बोलत नव्हती. शरीर खरंच तसं वागतं. लोक मेरीला ढोंगी म्हणत असतील तर ते चूक आहे.

मितान

एक वैद्यकीय प्रश्न. एवढे गर्भ गेले, त्यात दोष कोणाचा? गुप्तरोगाचं ऐकलं होतं.

जुनीवही

गुप्तरोगाची गोष्ट पुराव्यावर टिकत नाही. त्या काळी त्यावर पाऱ्याचा उपचार करत, आणि हेन्रीच्या औषधांच्या नोंदींत तो सापडत नाही. 2010 मध्ये एक तर्क मांडला गेला की हेन्रीच्या रक्तात केल हा घटक असावा. तसं असेल तर पहिलं मूल जगतं आणि पुढचे गर्भ आईच्या रक्तातल्या प्रतिकारामुळे पडतात. अ‍ॅनला हे लागू पडतं, कॅथरिनला नीट नाही, कारण तिची मेरी बरीच नंतरची. अवशेष तपासलेले नाहीत, तेव्हा तो तर्कच आहे.

रानजाई

आणि मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरतं. हे मी 31 वर्षं सासवांना सांगत आले.

गिरगावकर

जरा पुढच्या शतकातलं आहे, पण आपल्या मुंबईचं आहे म्हणून लिहितो. मुंबई ज्या लग्नात आंदण गेली ते दुसऱ्या चार्ल्सचं आणि पोर्तुगालच्या ब्रॅगांझाच्या कॅथरिनचं. करार 1661, लग्न 1662. हिचेही गर्भ पडले, मूल झालं नाही. राजाला लग्नाबाहेरची डझनभर मुलं होती. हिला सोडा म्हणून दरबारी मागे लागले, चार्ल्सनं ऐकलं नाही. गादी भावाकडे गेली. मुंबई मात्र 1668 मध्येच वर्षाला 10 पौंड भाड्यानं कंपनीकडे गेली होती.

थेम्सकाठ

मी लंडनला असतो. गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन पीटरबरोला गेलो होतो. कॅथरिनची कबर साधी काळी फरशी आहे, वर सोनेरी अक्षरांत 'इंग्लंडची राणी' असं लिहिलंय, जे हेन्रीनं तिला म्हणू दिलं नव्हतं. तिथे लोक डाळिंबं ठेवतात. डाळिंब हे तिचं चिन्ह होतं. आई म्हणाली, आपण ओटीत फळ घालतो तसं दिसतंय. एक डाळिंब वाळून चामड्यासारखं झालं होतं, शेजारी कुणीतरी ताजं ठेवलेलं.

विंडसरलाही जा. चर्चच्या मधोमध काळ्या संगमरवराची एक फरशी आहे. खाली जेन सीमोर, आठवा हेन्री, पहिला चार्ल्स, आणि शेवटच्या ओळीत 'राणी अ‍ॅनचं एक तान्हं बाळ'. ही अ‍ॅन स्टुअर्ट घराण्यातली, सतरा वेळा गरोदर राहिलेली. एकही मूल मोठं झालं नाही. त्या फरशीवर बाळाला नाव नाही.

नदीकाठ

चाफेकळी, तुमच्या 'एस'ला एक जोड देतो. 1553 मध्ये जेन सीमोरचा मुलगा, राजा एडवर्ड 15 वर्षांचा, मरणाला टेकलेला. त्यानं स्वतःच्या हातानं वारसाचा कागद लिहिला. सावत्र बहिणींना वगळलं आणि गादी लेडी जेन ग्रेच्या (आठव्या हेन्रीच्या बहिणीची नात) होणाऱ्या मुलग्यांना ठेवली. पण जेनला मुलगा व्हायला वेळ कुठे होता? मग त्यानं ओळीत खाडाखोड करून 'आणि तिचे' असे शब्द वर घुसवले. 'जेनचे मुलगे' होतं त्याचं 'जेन आणि तिचे मुलगे' झालं. त्या दोन शब्दांनी ती राणी झाली, 10 ते 19 जुलै, आणि पुढच्या फेब्रुवारीत तिचं डोकं गेलं. कागद अजून आहे, ते शब्द वर अधांतरी दिसतात.

हेन्रीची बाजू मी मघाशी घेतली होती. हे लिहिताना मला जेनचं वय शोधावं लागलं. सोळा-सतरा.

मितान

आणि आता तिथला कायदा काय?

जुनीवही

2013 चा कायदा. 28 ऑक्टोबर 2011 नंतर जन्मलेल्यांत मुलगा-मुलगी भेद नाही, आधी जन्मेल तो पुढे.

रानजाई

मला मघापासून एक विचारायचं आहे. पहिल्या सुरुवातीच्या त्या एलिझाबेथबद्दल. वाढदिवसाला गेली ती. तिच्याजवळ शेवटी कोण होतं? सुईण कोण होती, वैद्य आला होता का? राजांच्या गोष्टीत हे कुणी लिहीत नाही.

चाफेकळी

मावशी, लिहिलंय, पण इतिहासात नव्हे, हिशेबात. राणीच्या खासगी खर्चाची चोपडी उरली आहे. सुईणीचं नाव ॲलिस मॅसी. आणि शेवटच्या दिवसांतली एक नोंद आहे: राजाच्या हुकमावरून एक माणूस केंट परगण्यात वैद्याला आणायला धावला. टॉवरपासून ग्रेव्हसेंडपर्यंत जाऊन-येऊन नावेचं भाडं, 3 शिलिंग 4 पेन्स. रात्रंदिवस घोडी आणि वाटाडे, 2 शिलिंग 4 पेन्स. आणि तो परत येईपर्यंत ग्रेव्हसेंडच्या धक्क्यावर थांबून राहिलेल्या दोन नावाड्यांना, 8 पेन्स.